राष्ट्राचा संघ सोडून परगण्यात

ओहोटी लागून किनाऱ्यावरील वाळू टणक झाली, म्हणजे तीन काठ्या व एक टेनिसचा चेंडू घेऊन मुले धावत सुटतात, आणि भरतीचे पाणी काठ्यांना लागेपर्यंत त्यांचा खेळ चालतो. अलिबागेपासून मुरुडापर्यंत हे दृश्य कोठेही पाहावयास मिळते. तेव्हा क्रिकेट म्हणजे काय हे ह्या अंकाच्या वाचकांस सांगत बसण्याचे प्रयोजन नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते निराळे, व त्याला कारण झाला आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलाचा प्रश्न.

गेल्या पावसाळ्यात मैदानात गुडघाभर पाणी साचले होते, सबब खेळाच्या तासाला मुले वर्गातच कोंडलेली होती. त्यांच्यात कुजबूज चालली होती. आमच्या शाळेतील दुय्यम क्रीडाशिक्षक आठ वर्षांच्या सेवेनंतर शाळा सोडून रोह्यापलीकडील डोंगराळ भागात, एका नव्या व लहान शाळेत मुख्य क्रीडाशिक्षक म्हणून जाणार, ही बातमी तोपर्यंत गावभर झाली होती. आमच्या शाळेत मुले हजाराच्या वर. तिकडे शंभरही नाहीत. पालकसभेच्या दिवशी दोन-तीन सद्गृहस्थ व्हरांड्यात बोलताना आमच्या कानी आले होते : "काही तरी घडले असले पाहिजे. मोठी शाळा सोडून आपल्या पायांनी लहान शाळेत कोण जातो?" मुलांनी तेच घरी ऐकले असावे. एकाने उठून सरळ विचारले, "गुरुजी, सरांना काढले का हो?"

आम्ही तत्काळ "नाही" म्हटले. पण त्या मुलाच्या चेहऱ्यावरून आमचे उत्तर त्याला पटलेले दिसले नाही. मोठ्यांच्या शंका मुलांच्या मनात लवकर रुजतात व उपटावयास फार वेळ लागतो. त्या दिवशी तासाची वीस मिनिटे उरली होती. मुलांस क्रिकेटची गोडी, म्हणून आम्ही त्यांना पॉल फार्ब्रेस ह्या इंग्रज गृहस्थांची हकीकत सांगितली. तीच येथे थोड्या विस्ताराने देत आहो.

२०१९ साली जागतिक चषकाची स्पर्धा इंग्लंडात व्हावयाची होती. त्याआधीच्या, २०१५ च्या स्पर्धेत इंग्लंडच्या संघाची पहिल्याच फेरीत गच्छंती झाली होती व सर्वत्र नाचक्की झाली होती. तेथून चार वर्षांत हा संघ असा काही पालटला की, एकदिवसीय खेळात तो जगात अग्रेसर गणला जाऊ लागला. ह्या काळात त्याचे मुख्य प्रशिक्षक होते ऑस्ट्रेलियाचे ट्रेव्हर बेलिस, आणि त्यांचे सहायक होते हे फार्ब्रेस. स्पर्धा जवळ आलेली, घरचे मैदान, संघ ऐन भरात. आणि अशा वेळी, चषकाला अवघे काही महिने उरले असता, फार्ब्रेस ह्यांनी राष्ट्राच्या संघाचा निरोप घेतला व वॉरिकशायर ह्या काउंटीच्या क्रीडासंचालकाची जागा पत्करली. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर इंग्लंडने न्यूझीलंडविरुद्धच्या विलक्षण अटीतटीच्या सामन्यात चषक जिंकला, तेव्हा फार्ब्रेस संघाबरोबर नव्हते.

येथे वर्गात एकदम "अरेरे" असा सूर निघाला. तो साहजिकच होता. चार वर्षे भात लावावे, बेणावे, राखावे आणि कापणीच्या आदल्या महिन्यात शेत सोडून जावे, हे कोणाला रुचेल? परंतु ह्या गोष्टीचा निवाडा करण्यापूर्वी दोन शब्दांचा अर्थ समजून घेणे अवश्य आहे : एक 'काउंटी' व दुसरा 'सहायक'.

काउंटी म्हणजे परगणा. आपल्याकडील जिल्ह्यासारखा मुलखाचा एक भाग. इंग्लंडात प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळणाऱ्या काउंट्या अठरा आहेत. त्यांच्यातील विजेतेपदाची स्पर्धा १८९० पासून अधिकृत रीतीने चालू असून एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे तिकडचा वसंत व उन्हाळा संपेतो, ती चालते. सामने चार-चार दिवसांचे असतात व २००० सालापासून संघांचे दोन वर्ग पाडलेले आहेत. वरच्या वर्गात जे तळाशी राहतात ते खाली ढकलले जातात व खालचे वर येतात. शाळेतील वार्षिक परीक्षेसारखाच हा प्रकार आहे, फरक इतकाच की येथे पास झालेलाही पुढील वर्षी मागे येऊ शकतो. वॉरिकशायर ही ह्या अठरांपैकी एक. तिचे मैदान बर्मिंगहॅम शहरात एजबॅस्टन येथे आहे. ब्रायन लाराने १९९४ साली नाबाद ५०१ धावा काढल्या त्या ह्याच काउंटीकडून व ह्याच मैदानावर, हे आमच्या मुलांपैकी दोघांना ठाऊक होते. आम्हांस त्याचे कौतुक वाटले, यद्यपि त्याच दोघांना शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाचे साल त्या आठवड्यात आठवले नव्हते.

आपल्याकडे काउंटीच्या जागी प्रांतांचे संघ आहेत. १९३४ सालापासून रणजी करंडकासाठी ते झगडत आले आहेत. आपल्या एका महाराष्ट्र राज्यात असे तीन संघ आहेत : मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ. मांडव्याच्या धक्क्यावर उभे राहिले असता मुंबई डोळ्यांना दिसते. तथापि क्रिकेटपुरता आपला रायगड जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या छत्राखाली येतो, हे पुष्कळ पालकांस माहीत नसते व मुलगा मोठा होऊ लागला म्हणजे ते उगाच मुंबईच्या वाऱ्या करितात.

आता 'सहायक' ह्या शब्दाकडे वळू. राष्ट्रीय संघाच्या सहायक प्रशिक्षकाचे काम दुरून फार वैभवाचे दिसते. विमानाचा प्रवास, मोठाली हॉटेले, दूरचित्रवाणीवर खेळाडूंच्या पाठीमागे दिसणारा चेहरा. प्रत्यक्षात तो माणूस सकाळी सर्वांआधी मैदानावर जातो, जाळीत उभा राहून एकेका फलंदाजाला शेकड्यांनी चेंडू टाकतो, खांदा दुखला तरी टाकतो; संघातून वगळलेल्या तरुणाची समजूत घालतो; कर्णधाराचे गाऱ्हाणे मुख्य प्रशिक्षकाला व मुख्य प्रशिक्षकाची नाराजी कर्णधाराला, दोन्ही मऊ करून, पोचवितो. अकरा खेळाडू कोण हे मात्र तो ठरवीत नाही. त्याचा सल्ला घेतात. मानलाच पाहिजे असे बंधन नसते. शिवाय त्याच्याकडे येणारे खेळाडू हे तयार होऊन आलेले असतात. बॅट कशी धरावी, चेंडू कसा सोडावा, हे त्यांना दुसऱ्या कोणी तरी, दुसऱ्या कोठे तरी, दहा-पंधरा वर्षे आधी शिकविलेले असते. सहायकाने द्यावयाची ती धार. लोखंड तापवून कोयता घडविणारा लोहार निराळा.

आणि हा सगळा व्याप घरापासून दूर राहून. राष्ट्रीय संघ वर्षातील कितीतरी महिने देशोदेशी हिंडत असतो. आमच्या कोळीवाड्यातील मुलांना हे समजावून सांगावे लागले नाही. मोठ्या बोटीवर खलाशी होऊन दिवसच्या दिवस समुद्रात राहणे म्हणजे काय व लहान का होईना, पण आपल्या होडीचे तांडेल होऊन सुकाणू हाती धरणे म्हणजे काय, हे त्यांनी आपल्या घरीच पाहिलेले आहे. खलाशी मोठ्या बोटीवरचा, म्हणून तांडेलाहून मोठा, असे कोळीवाड्यात कोणी म्हणणार नाही.

सहायकाच्या जागेला आणखी एक कीड असते ती अस्थैर्याची. बेलिस ह्यांचा इंग्लंडशी असलेला करार २०१९ च्या उन्हाळ्याअखेर संपावयाचा होता व तो पुढे वाढवावयाचा नाही हे त्यांनी आधीच सांगून ठेविले होते. मुख्य गेला म्हणजे नवा मुख्य आपली माणसे घेऊन येतो; जुन्या सहायकाचे काय होईल हे कोणी सांगावे? आपल्याकडील उदाहरण घ्या. मुंबईचे पारस म्हांब्रे हे इंग्लंडात १९९६ साली दोन कसोटी सामने खेळलेले गोलंदाज. २०२१ च्या नोव्हेंबरात ते भारताच्या संघाचे गोलंदाजीचे प्रशिक्षक झाले. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोस येथे भारताने दक्षिण आफ्रिकेवर सात धावांनी विजय मिळवून वीस षटकांचा जागतिक चषक आणला. हा आनंद देशभर अजून ओसरला नव्हता, तोच मुख्य प्रशिक्षक राहुल द्रविड ह्यांची मुदत संपली व म्हांब्रे ह्यांचेही काम त्याबरोबर आटोपले. त्याच वर्षी ते मुंबई इंडियन्स संघाकडे गोलंदाजीचे प्रशिक्षक म्हणून गेले. त्यांना कोणी 'काढले' असे म्हणता येईल काय? जगज्जेत्या संघाच्या गुरूला?

बीड येथे जन्मलेले संजय बांगर ह्यांची गोष्ट ह्याच्या उलट. २००२ साली लीड्सच्या ढगाळ हवेत सलामीस जाऊन त्यांनी ६८ धावा काढल्या व द्रविडबरोबर १७० धावांची भागी केली, ती आमच्या वयाच्या माणसांना अजून आठवते. तो सामना भारताने डावाने जिंकला. पुढे २०१४ पासून ते भारताच्या फलंदाजीचे प्रशिक्षक होते. २०१९ च्या चषकात उपान्त्य सामन्यात भारत हरला. त्यानंतर मुख्य प्रशिक्षक रवी शास्त्री राहिले, गोलंदाजीचे राहिले, क्षेत्ररक्षणाचे राहिले. बांगर ह्यांची जागा तेवढी विक्रम राठोड ह्यांना मिळाली. संघाचा दोष एका माणसाच्या पदरात घालणे हे आम्हांस शाळेतील त्या पद्धतीसारखे वाटते, ज्यात वर्ग गोंगाट करितो आणि मॉनिटर बाकावर उभा राहतो.

म्हांब्रे व बांगर ह्या दोघांनीही पुढे लीगच्या संघांत काम केले. तेव्हा हे लक्षात ठेवावे की, लीगचा संघ व काउंटी ह्या एक गोष्टी नव्हेत. लीगचा हंगाम दोन महिन्यांचा. खेळाडू बोलीने घेतलेले, आज ह्या संघात तर उद्या त्या. तेथे पैसा फार, परंतु मूल वाढताना पाहण्याचे सुख थोडे. काउंटीच्या क्रीडासंचालकाकडे मात्र सारेच येते : मुख्य संघ, दुसरा संघ, तरुणांची शाळा, प्रशिक्षकांच्या नेमणुका, खेळाडूंचे करार. बाराव्या-तेराव्या वर्षी दाखल झालेला मुलगा विसाव्या वर्षी मुख्य संघात उभा राहतो, आणि नशीब असेल तर पुढे राष्ट्राच्या संघात. इंग्लंडचे इयन बेल व ख्रिस वोक्स हे दोघेही ह्याच वॉरिकशायरचे. म्हणजे राष्ट्रसंघाला जे पाणी मिळते ते ह्या विहिरींतून.

पण विहीर खणणे सोपे आहे असे कोणी समजू नये, आणि म्हणून फार्ब्रेस ह्यांच्या आयुष्यातील आधीचा भाग सांगितलाच पाहिजे. राष्ट्राचा संघ सोडून काउंटीकडे जाण्याची त्यांची ही पहिली वेळ नव्हती. ते मूळचे केंट परगण्याचे, यष्टिरक्षक; केंट व मिडलसेक्स ह्या काउंट्यांकडून ते खेळले, इंग्लंडसाठी कधीही नाही. २००७ पासून ते श्रीलंकेच्या संघाचे सहायक प्रशिक्षक होते. तेथेही मुख्य बेलिसच. ३ मार्च २००९ रोजी लाहोरात मैदानाकडे निघालेल्या श्रीलंकेच्या संघाच्या बसवर बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला. रक्षणास असलेल्या पोलिसांपैकी कित्येकांचे प्राण गेले, खेळाडू जखमी झाले, व जखमींत फार्ब्रेसही होते. त्याच वर्षी ते श्रीलंकेची नोकरी सोडून आपल्या केंटकडे परतले. घरचा परगणा, ओळखीचे मैदान, अधिकार आपल्या हाती. असे असूनही पुढच्याच हंगामात, २०१० साली, केंट खालच्या वर्गात ढकलले गेले. २०११ च्या हंगामानंतर त्यांनी ती जागा सोडली व यॉर्कशायरच्या दुसऱ्या संघाला शिकविण्याचे काम घेतले. दुसऱ्या संघाला! आमच्या व्हरांड्यातील सद्गृहस्थांनी ह्यावर काय म्हटले असते, ह्याची कल्पना करावी.

त्या दुसऱ्या संघाच्या जागेवरूनच श्रीलंकेने त्यांना पुन्हा बोलाविले, ह्या वेळी मुख्य म्हणून, आणि ६ एप्रिल २०१४ रोजी ढाक्यात श्रीलंकेने भारताला हरवून वीस षटकांचा जागतिक चषक जिंकला. त्यानंतर काही आठवड्यांतच ते इंग्लंडचे सहायक झाले. मुख्याचा सहायक! पायरी वर की खाली हे ज्याने त्याने ठरवावे. त्यांना मात्र त्या वेळी स्वदेशाचा संघ हवा होता. २०१५ साली इंग्लंडचे मुख्य प्रशिक्षक पीटर मूर्स ह्यांना दूर केल्यावर न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्यांपुरती मुख्याची सूत्रे फार्ब्रेस ह्यांच्याकडे आली. बेलिस येताच त्यांनी ती सोपविली व पुन्हा सहायकाच्या जागी उभे राहिले.

वॉरिकशायरची नोकरी त्यांना फळली. २०२१ साली त्या काउंटीने विजेतेपद मिळविले. पुढे ते ससेक्सचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि २०२४ मध्ये ससेक्स खालच्या वर्गात पहिले येऊन वर चढले. लॉर्ड्सवरील त्या एका दिवसाच्या चषकाशी ह्या गोष्टींची तुलना कशी करावी, असे एका मुलाने विचारले. आम्ही त्याला म्हटले, तराजू आमच्यापाशी नाही. पण बर्मिंगहॅमच्या एखाद्या मुलाला विचारले असता तो निराळे वजन सांगेल.

राष्ट्राच्या संघानंतर वॉरिकशायरकडे येणारे ते पहिलेच नव्हेत, हेही मौजेचे आहे. बॉब वूल्मर, ज्यांचा जन्म आपल्या कानपूरचा, त्यांनी १९९४ साली ह्या काउंटीला एका हंगामात तीन विजेतेपदे मिळवून दिली, मग दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय संघाला पाच वर्षे शिकविले, आणि २००० साली ते पुन्हा वॉरिकशायरला आले.

आपल्या बाजूला असा माणूस पाहावयाचा तर तो चंद्रकांत पंडित. हेही यष्टिरक्षकच. (यष्टिरक्षक सारा दिवस वाकून सर्वांचा खेळ पाहत असतो, म्हणून त्याचा चांगला शिक्षक होतो, असे आमचे एक लाडके मत आहे.) भारताकडून पाच कसोटी सामने खेळलेल्या ह्या मुंबईकराने मुंबईला प्रशिक्षक म्हणून रणजी करंडक मिळवून दिला, आणि मग ते विदर्भाला गेले, ज्या प्रांताने तोवर हा करंडक कधीही जिंकला नव्हता. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे दिल्लीला हरवून विदर्भाने तो जिंकला व पुढील वर्षी राखला. त्यानंतर पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. त्याच मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना १९९९ साली बंगळूरच्या मैदानावर अंतिम सामन्यात त्यांच्या पदरी कर्नाटकाकडून पराभव आला होता. २०२२ च्या जूनमध्ये त्याच मैदानावर त्यांच्या शिष्यांनी अंतिम सामना जिंकला, आणि तोही मुंबईविरुद्ध. पंडित मैदानावर रडले, हे पुष्कळांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. त्या दिवशी हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार होते. २०२३ मध्ये ते भारताच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात, आपल्या खाडीपलीकडे नवी मुंबईत, त्या संघाने जागतिक चषक जिंकला. ही वाट दोन्ही दिशांनी चालते.

फार जुनी एक गोष्ट सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट हे कसोटी सामन्यांत दोनशे बळी घेणारे जगातील पहिले गोलंदाज. एवढा मोठा खेळाडू जत नावाच्या लहानशा संस्थानात, तेथील राजेसाहेबांच्या आश्रयाने, शिकवावयास आला. त्यांच्या हाताखाली जो तरुण होता तो सांगलीच्या एका शाळामास्तरांच्या आठ मुलांपैकी एक, विजय हजारे. १९४८ साली अॅडलेड येथे, ग्रिमेट ह्यांच्या स्वतःच्या गावी, हजारे ह्यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढली, ११६ व १४५. आणि १९५२ मध्ये मद्रासेस भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला तेव्हा कर्णधार तेच होते.

घंटा झाली तेव्हा मुले उठावयास तयार नव्हती, असे लिहावयास आम्हांस आवडले असते. खरे असे की पाऊस थांबला होता व ती बाहेर पळाली.

दिवाळीच्या सुटीआधी आमचे सहकारी मुख्याध्यापकांकडे एकच मागणे घेऊन गेले. शाळेच्या कोठारात काथ्याची एक जुनी मॅट पडून आहे, दोन्ही टोकांना उसवलेली. नवी आल्यापासून ती कोणी वापरीत नाही. ती त्यांना नव्या शाळेसाठी हवी होती. परवानगी मिळाली. शनिवारी सकाळी चार मुले ती उन्हात पसरून उसवलेली टोके सुंभाने बांधीत बसली होती, आणि त्यांत तो नववीचा प्रश्नकर्ताही होता. आम्ही जवळून जात असता तो सरांना विचारीत होता, "तिथे मैदान आहे का, सर?"

"मैदान नाही. भाताचे शेत आहे. कापणी झाली की देतो म्हणालेत."

"मग बांध आडवा येत असेल."

"येतो ना. लाँग ऑनला येतो," सर म्हणाले, व त्यांनी सुंभाची गाठ ओढून पाहिली.